अपुरे गाणे कोणाच्या मालकीचे?



वक्त्यांच्या यादीत माझे नाव पाहून आपल्यापैकी पुष्कळांनी असा कयास केला असेल की, आज किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार यांवर काहीतरी ऐकावे लागणार. चालकांचाही तसाच समज होता. मला 'बीटल्स' या इंग्रज गायकवादकांच्या अपुऱ्या राहिलेल्या गाण्यांविषयी बोलायचे आहे असे मी कळवले, तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बोला, पण लोकांना समजेल असे बोला." ही अट मी आनंदाने मान्य केली, कारण मी संगीताचा जाणकार नाही. माझी शाळा दहावीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा न समजण्यासारखे बोलण्याची माझी ऐपतच नाही.

या विषयाशी माझा संबंध कसा आला तो आधी सांगतो. १९८८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, मी मुंबईच्या एका उपनगरात कॅसेटी भरण्याच्या कारखान्यात लागलो. मोठ्या चकतीवरची फीत लहान डबीत भरायची, तिच्यावर गाणी उतरवायची, चिठ्ठी चिकटवायची, पेटीत रचायची. भजने असत, लावण्या असत, चित्रपटगीते असत आणि अधूनमधून इंग्रजी गाणीही असत. बीटल्सची ओळख मला तिथे झाली, पण रसिक म्हणून नव्हे, तपासनीस म्हणून. फितीत घरघर आहे काय, आवाज बुडतो काय, हे पाहताना एकच गाणे दिवसातून पन्नास वेळा कानांवरून जाई. शब्द कळत नसत. चाल मात्र पाठ होई.

त्याच कारखान्यात पेट्या बांधण्याच्या खात्यात एक वयस्क गृहस्थ होते. १९८२ च्या गिरणी संपात त्यांची नोकरी गेली होती. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणत असू. द्वारसभेच्या वेळी ते डफावर पोवाडा म्हणत. संपावर त्यांनी स्वतः एक पोवाडा रचायला घेतला होता. तीन चौक पुरे झाले होते, चौथा अर्धा झाला होता. एका रात्री खोलीवर, पंख्याच्या आणि चाळीच्या आवाजात, झाला होता तेवढा पोवाडा त्यांनी कॅसेटवर उतरवला आणि माझ्या हाती दिला. म्हणाले, "नीट ठेव. उरलेला मागाहून भरू." तो भरायचा राहून गेला. त्याच पावसाळ्यात दादा वारले. पुढे कारखाना बंद पडला, आमची देणी अडकली, ती सोडवण्यात वर्षे गेली. कॅसेट माझ्या ट्रंकेत पडून राहिली.

अलीकडे आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने ती ऐकली आणि तो मला म्हणाला, "भाऊ, आता यंत्रानं ही घरघर काढता येते. एवढंच काय, दादांच्याच आवाजात उरलेला चौकही गाऊन घेता येईल. बीटल्सनी नाही का केलं?"

बीटल्सनी नेमके काय केले होते हे मला ठाऊक नव्हते, म्हणून मी ते शोधायला बसलो. जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

हे चौघे लिव्हरपूल या बंदराच्या गावचे. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार. आपण त्यांची छायाचित्रे पाहतो ती कीर्ती मिळाल्यानंतरची. पण घरे पाहिली तर ती आपल्या ओळखीची वाटतील. लेननचे वडील जहाजावर खलाशी. मॅकार्टनीची आई परिचारिका, वडील कापसाच्या व्यापारात विक्रेते. हॅरिसनचे वडील बसवर नोकरीला, आणि तो स्वतः एका मोठ्या दुकानात विजेच्या कामाचा उमेदवार. रिंगोचे बालपण आजारपणात गेले. इस्पितळात असताना त्याला तालवाद्याचा नाद लागला. १९६० ते १९६२ या काळात ही मंडळी जर्मनीतील हांबुर्ग शहरी रात्रीच्या नाचगृहांत तासन्‌तास वाजवीत. त्यांची खरी तालीम तिथे झाली. पाळीत काम केलेल्या माणसाला मी काय म्हणतो ते वेगळे सांगायला नको.

१९६२ साली ई. एम. आय. या लंडनच्या कंपनीशी त्यांचा करार झाला. त्या करारातला दर असा होता की, एक तबकडी विकली गेली की चौघांना मिळून एक पेनी. त्या वेळी पौंडाच्या दोनशे चाळीस पेन्या होत. म्हणजे एका माणसाच्या वाट्याला पाव पेनी, आणि त्यातूनही व्यवस्थापकाचा हिस्सा जाई. ११ फेब्रुवारी १९६३ रोजी सकाळ, दुपार आणि रात्र अशा तीन बैठकांत त्यांनी दहा गाणी मुद्रित केली. पहिल्या मोठ्या तबकडीचा बहुतेक भाग एका दिवसात उरकला. त्यांचे मुद्रण करणारे जॉर्ज मार्टिन हे कंपनीचे पगारी नोकर होते. तबकड्या लाखांनी खपल्या तरी त्यांना वाटा नव्हता. १९६५ साली त्यांनी नोकरी सोडली आणि आपली स्वतंत्र संस्था काढली. उत्पादन वाढले आणि दर तोच राहिला, ही कथा आपल्याला नवी नाही. नवल इतकेच की ती जगातल्या सर्वांत यशस्वी वाद्यवृंदाचीही आहे.

गाण्यांच्या मालकीची गोष्ट याहून बोलकी आहे. १९६३ साली लेनन आणि मॅकार्टनी यांच्या गाण्यांसाठी 'नॉर्दर्न साँग्ज' नावाची कंपनी निघाली. तिची निम्मी मालकी प्रकाशकाच्या बाजूला गेली. १९६५ साली तिचे भाग बाजारात आले, आणि १९६९ साली प्रकाशकाने आपले भाग ए. टी. व्ही. या कंपनीला विकून टाकले. गाणी रचणारे दोघे धडपडले, पण कंपनी त्यांच्या हाती आली नाही. १९८५ साली तोच सगळा गाण्यांचा साठा मायकेल जॅक्सन या अमेरिकन गायकाने सुमारे पावणेपाच कोटी डॉलरांना विकत घेतला. ज्याने गाणे रचले त्याला आपल्याच गाण्याच्या बाबतीत दुसऱ्याकडे पाहावे लागले. वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी वाचल्याशिवाय केलेल्या सह्या किती महाग पडतात, हे मी आमच्या सभासदांना सांगतो तेव्हा हे उदाहरण आता हमखास देतो.

आता त्या अपुऱ्या गाण्यांकडे येतो.

१९६६ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला त्यांचा शेवटचा जाहीर दौऱ्यातला कार्यक्रम झाला. १९६७ साली त्यांचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाईन वारले. घरातला कर्ता गेल्यावर भावाभावांत जे होते तेच पुढे हळूहळू होऊ लागले. २ जानेवारी १९६९ रोजी लंडनजवळच्या ट्विकनम येथील चित्रपट-स्टुडिओत चौघे नव्या गाण्यांच्या तालमीला जमले. कल्पना अशी की, जुन्या दिवसांप्रमाणे चौघांनी एकत्र बसून वाजवायचे, वरून काही जोडायचे नाही, आणि या सगळ्याचा चित्रपट काढायचा. थंडीचे दिवस, अवाढव्य रिकामा मांडव, सकाळची वेळ आणि समोर सतत कॅमेरे. १० जानेवारीला हॅरिसन उठला आणि निघून गेला.

त्याचे गाऱ्हाणे काय होते? तो अनेक वर्षे गाणी रचीत होता. पण दर तबकडीवर त्याला एक-दोन जागा मिळत, उरलेल्या सगळ्या दोघा थोरल्यांच्या. त्या तालमींत त्याने 'ऑल थिंग्ज मस्ट पास' हे आपले गाणे मांडले. चौघांनी ते वाजवूनही पाहिले, पण ते पुरे केले नाही. पुढे १९७० च्या नोव्हेंबरात हॅरिसनने स्वतंत्रपणे तीन तबकड्यांचा संच काढला आणि त्याला याच गाण्याचे नाव दिले. तो संच प्रचंड गाजला. मित्रहो, अपुरे राहिलेले प्रत्येक गाणे मृत्यूमुळे अपुरे राहते असे नाही. सोबत्यांनी लक्ष न दिल्यामुळेही राहते. आमच्या कार्यकारिणीच्या बैठकीतही दोघेतिघेच बोलतात आणि कोपऱ्यातल्या माणसाची सूचना 'पुढच्या वेळी पाहू' म्हणून इतिवृत्तातून गळते. पुढच्या वेळी तो माणूस येत नाही.

वाटाघाटी होऊन हॅरिसन परत आला. सगळे ट्विकनम सोडून सॅव्हिल रो या रस्त्यावरच्या स्वतःच्या कचेरीच्या तळघरात आले. २२ जानेवारीला बिली प्रेस्टन हा अमेरिकन वादक त्यांच्यात येऊन बसला आणि वातावरण पालटले. परका पाहुणा आला की भांडणारे घर नीट वागू लागते तसे. ३० जानेवारीला त्या इमारतीच्या गच्चीवर सुमारे बेचाळीस मिनिटे ते वाजले. खालच्या रस्त्यावर गर्दी झाली, पोलीस वर आले आणि कार्यक्रम थांबला. चौघांनी मिळून लोकांपुढे वाजवण्याचा तो अखेरचा प्रसंग.

त्या महिन्यात सुमारे साठ तासांची चित्रफीत आणि दीडशे तासांची ध्वनिफीत जमली होती. पण माल तयार होता आणि कारखान्यातली माणसे विस्कटली होती. ग्लिन जॉन्स या तंत्रज्ञाने त्यातून दोनदा तबकडी जुळवून दाखवली. दोन्ही वेळा ती नाकारली गेली. ३ जानेवारी १९७० रोजी लेननच्या गैरहजेरीत उरलेल्या तिघांनी हॅरिसनचे 'आय मी माईन' हे गाणे मुद्रित केले. ते जेमतेम दीड मिनिटाचे भरले. मग फिल स्पेक्टर या अमेरिकन निर्मात्याच्या हाती सगळ्या फिती देण्यात आल्या. त्याने त्या दीड मिनिटाच्या गाण्यातला भाग पुन्हा जोडून ते जवळजवळ अडीच मिनिटांचे केले. 'द लाँग अँड वाइंडिंग रोड' या मॅकार्टनीच्या गाण्यावर त्याने व्हायोलिनांचा ताफा आणि स्त्रियांचा समूहस्वर चढवला. १ एप्रिलच्या त्या मुद्रणाला चौघांपैकी एकटा रिंगो हजर होता. मॅकार्टनीने नंतर लेखी हरकत घेतली, तिचा उपयोग झाला नाही. 'लेट इट बी' ही तबकडी ८ मे १९७० रोजी बाजारात आली तोवर बीटल्स फुटल्याची बातमी जगभर झाली होती. वर्षाच्या अखेरच्या दिवशी मॅकार्टनीने भागीदारी मोडण्यासाठी लंडनच्या न्यायालयात दावा लावला. त्याच्या तक्रारींत हे गाणेही होते.

इथे एक गोष्ट ध्यानात धरा. १९७० साली एका जिवंत माणसाचे काम त्याच्या संमतीवाचून पुरे केले गेले. मेलेल्यांच्या कामाला हात लावावा की नाही यावर आपण आज वाद घालतो. पण जिवंतांनाही विचारले जात नाही, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे.

८ डिसेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कमध्ये लेननचा खून झाला. घरी पियानोवर बसून साध्या टेपरेकॉर्डरवर त्याने काही कच्ची गाणी उतरवून ठेवली होती. १९९४ च्या जानेवारीत त्याची पत्नी योको ओनो यांनी त्या कॅसेटी मॅकार्टनीच्या स्वाधीन केल्या. एका कॅसेटवर 'पॉलसाठी' असे लिहिलेले होते. उरलेले तिघे ससेक्समधील मॅकार्टनीच्या स्टुडिओत जमले. मॅकार्टनीने पुढे सांगितले आहे की, जॉन सुटीवर गेला आहे आणि जाताना आपले काम पुरे करायला सांगून गेला आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. मला हे फार भावले. कामगार रजेवर गेला की त्याचे यंत्र शेजारचा चालवतो. त्यात यंत्र बळकावण्याचा भाव नसतो.

'फ्री अ‍ॅज अ बर्ड' या गाण्याचा मधला भाग लेननने रचलाच नव्हता म्हटले तरी चालेल. मॅकार्टनी आणि हॅरिसन यांनी तो आपल्या शब्दांत रचला आणि स्वतःच्या आवाजात म्हटला. १९९५ च्या डिसेंबरात तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर नोंद अशी केली की, मूळ रचना जॉन लेननची, बीटल्सचे रूप चौघांचे. कोणी किती काम केले याची ही स्वच्छ नोंद आहे. मस्टर असे असावे. १९९६ साली 'रिअल लव्ह' निघाले. 'नाऊ अँड देन' हे तिसरे गाणे मात्र थोडे काम करून सोडून द्यावे लागले. पियानोचा आवाज गळ्यावर चढत होता, आणि साऱ्या फितीत विजेची गुणगुण भरली होती.

ही गुणगुण म्हणजे काय, हे मी कॅसेटींच्या कारखान्यात शिकलो. विजेचा प्रवाह उलटसुलट वाहतो. आपल्याकडे सेकंदाला पन्नास वेळा, अमेरिकेत साठ वेळा. जोडणी नीट नसली, तारेचे आवरण कच्चे असले की तोच प्रवाह फितीवर घुमतो. ठरावीक पट्टीतली गुणगुण काही अंशी कापता येते. पण पियानोचे सूर आणि माणसाचे सूर एकाच पट्टीत येतात. एक कापायला गेले की दुसराही कापला जातो. दुधातले पाणी निवडून काढण्यासारखे ते काम. १९९५ साली ते कोणालाच साधण्याजोगे नव्हते.

२००१ साली हॅरिसन वारला. पुढे न्यूझीलंडचे दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी १९६९ च्या त्या साठ तासांच्या चित्रफितीवरून सुमारे आठ तासांचा माहितीपट तयार केला. तो २०२१ च्या नोव्हेंबरात प्रदर्शित झाला. त्या कामात त्यांच्या तंत्रज्ञांना अडचण आली ती अशी की, जुन्या फितीत सगळे आवाज एकाच पट्ट्यावर मिसळलेले होते. चौघांनाही कॅमेऱ्याचा जाच होई, म्हणून खासगी बोलताना ते मुद्दाम गिटार छेडीत बसत. तंत्रज्ञांनी संगणकाला असंख्य नमुने ऐकवून शिकवले: हा गळा, ही गिटार, हा ढोल. गर्दीत आई आपल्या मुलाची हाक ओळखते, तशी ओळख यंत्राला करून दिली. मग यंत्र मिसळलेल्या आवाजातून एकेक आवाज वेगळा काढू लागले. हीच युक्ती २०२२ साली लेननच्या कॅसेटला लावली, आणि त्याचा गळा पियानोपासून सुटा झाला.

२ नोव्हेंबर २०२३ रोजी 'नाऊ अँड देन' प्रसिद्ध झाले. त्यात गळा लेननचाच आहे. १९७७ च्या सुमाराचा, आहे तसा. हॅरिसनने १९९५ साली वाजवून ठेवलेली गिटार त्यात आहे. मॅकार्टनी आणि रिंगो यांनी नवे वादन केले. म्हणजे माझा तरुण सोबती म्हणत होता तसे यंत्राने लेननचा आवाज बनवला नाही. यंत्राने धूळ झाडली, मूर्ती घडवली नाही. हा फरक फार मोठा आहे आणि त्यावरच माझे आजचे सगळे बोलणे उभे आहे.

पण माझ्या मनात किंतु राहिला नाही असे नाही. मूळ कच्च्या फितीत लेननने रचलेला आणखी एक भाग होता. तो तयार गाण्यात गाळला आहे. गाणे त्यामुळे बांधीव झाले असेल. पण गाळलेल्या कडव्याची बाजू मांडायला ते रचणारा हजर नव्हता. दुसरे असे की, व्हायोलिन वाजवणाऱ्या अमेरिकन वादकांना आपण कोणाच्या गाण्यावर वाजवतो आहोत हे सांगण्यात आले नव्हते; कागदावर भलतेच नाव घातले होते. गुप्तता हवी होती हे मी समजू शकतो. तरीही, आपण काय घडवतो आहोत हे घडवणाऱ्याला ठाऊक असावे, असे माझ्यासारख्या माणसाला वाटणारच.

यावरून मी आपल्या मुलखाकडे येतो. १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर' या तबकडीत हॅरिसनच्या एका गाण्यावर अनिल भागवत यांचा तबला आहे, आणि वेष्टनावर त्यांचे नावही छापलेले आहे. पुढच्याच वर्षीच्या 'सार्जंट पेपर' या जगप्रसिद्ध तबकडीत हॅरिसनच्या गाण्यावर लंडनमध्ये राहणाऱ्या चार हिंदी वादकांनी दिलरुबा, तबला आणि तंबोरा वाजवला. त्यांची नावे वेष्टनावर आली नाहीत. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कन्सारा आणि नटवर सोनी अशी ती नावे आहेत. २०१७ साली, म्हणजे तब्बल पन्नास वर्षांनी, ती शोधून काढून लोकांपुढे मांडण्यात आली. साऱ्या जगाने अण्णा जोशींचा दिलरुबा ऐकला आणि अण्णा जोशी कोण हे कोणाला कळले नाही!

१९६८ च्या जानेवारीत हॅरिसन मुंबईला आला आणि एच. एम. व्ही. च्या स्टुडिओत त्याने आपल्या वादकांकडून एका चित्रपटाचे संगीत वाजवून घेतले. त्या ताफ्यात आशिष खाँ होते, शिवकुमार शर्मा होते, बासरीवर एस. आर. केंकरे होते, तारशहनाईवर विनायक व्होरा होते. त्या संगीताच्या तबकडीवर हॅरिसनने वादकांची नावे घातली, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. त्याच मुक्कामात 'द इनर लाइट' या गाण्याचे सगळे वादन मुंबईत झाले; लंडनमध्ये त्यावर फक्त गळे चढवले. हॅरिसनने रचलेले आणि बीटल्सच्या छोट्या तबकडीवर आलेले ते पहिले गाणे. त्या मुंबईच्या मुद्रणातला शिल्लक राहिलेला एक नमुना २०१४ साली बाहेर आला. शेहेचाळीस वर्षे आपल्या वादकांचे ते काम कपाटात होते. हॅरिसनने आपल्या मुलाचे नाव धनी ठेवले, ते आपल्या ध आणि नी या सुरांवरून. म्हणजे ऋण त्याने मानले. पण ऋण मानणे आणि नोंद ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्याला वही लागते.

अपुरी मुद्रणे कपाटातून बाहेर केव्हा येतात, यालाही कारणे असतात. २०१३ च्या डिसेंबरात बीटल्सची १९६३ सालची एकोणसाठ अप्रकाशित मुद्रणे एकाएकी विक्रीला आली. प्रेमाचा उमाळा आला म्हणून नव्हे. युरोपात ध्वनिमुद्रणावरील हक्काची मुदत पन्नासावरून सत्तर वर्षांवर गेली, पण पन्नास वर्षांत प्रसिद्ध न झालेल्या मुद्रणाला ती वाढ मिळणार नव्हती. म्हणून मुदत संपण्याआधी कपाट उघडले. मात्र त्याच कायद्यात एक चांगले कलमही आहे. ज्या वादकांनी एकरकमी बिदागी घेऊन हक्क सोडून दिला, त्यांच्यासाठी कंपन्यांनी वाढीव वर्षांतील उत्पन्नाचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवायचा. आपल्या देशातही २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांचे गीतकार आणि संगीतकार यांचा उत्पन्नातला वाटा असा बांधला की, तो त्यांना लिहून देऊनही टाकता येत नाही. सही करून घेणाऱ्याचा हात कायद्याने धरला. कलावंतांनी एकत्र येऊन मागितले म्हणून हे झाले, आपोआप झाले नाही.

तर या सगळ्यातून मी काय शिकलो? बीटल्सचा वारसा म्हणजे त्यांची दोनशेच्या वर गाणी, हे खरेच. साध्या घरच्या पोरांनी दुसऱ्याची गाणी म्हणण्याऐवजी स्वतःची रचली, आणि मुद्रणाची खोली हेच एक वाद्य केले, हेही खरे. पण त्यांच्या अपुऱ्या गाण्यांचाही एक वारसा आहे. तो सांगतो की, सोबत्याचे काम पुरे करायला हरकत नाही. पण विचारून करावे, आपला भाग आपल्या आवाजात करावा आणि कोणाचे किती हे लिहून ठेवावे. 'नाऊ अँड देन'साठी हयात असलेल्या दोघांबरोबर लेननच्या आणि हॅरिसनच्या घरच्यांचीही संमती होती. युनियनच्या भाषेत सांगायचे तर सगळ्यांच्या नावाने होणाऱ्या कामाला सगळ्यांची सही होती. १९७० साली ती नव्हती.

शेवटी दादांच्या कॅसेटचे काय झाले ते सांगून आपली रजा घेतो.

आम्ही दोघे ती कॅसेट घेऊन वहिनींकडे गेलो. त्या आता ऐंशीच्या घरात आहेत, गावी मुलाजवळ राहतात. यंत्राने घरघर काढलेला पोवाडा त्यांना ऐकवला. पंखा गेला होता, चाळ गेली होती, दादांचा गळा आणि डफ उरला होता. वहिनींनी तो पुरा ऐकला. मग विचारले, "आणि मागं मुलांचा आवाज होता तो?" तो आमचीच मुले खेळतानाचा होता, त्या म्हणाल्या. आम्ही घरघरीबरोबर तोही काढून टाकला होता. तरुण सोबती खजील झाला. तो आवाज आम्ही परत घातला.

मग उरलेल्या चौकाचा विषय काढला. यंत्राकडून दादांच्या आवाजात तो म्हणवून घेता येईल, हे त्याने समजावून सांगितले. वहिनी म्हणाल्या, "जे ते बोलले नाहीत ते त्यांच्या तोंडी कशाला घालता? ते थांबले तिथं थांबू द्या. पुढचं कुणाला म्हणायचं असेल तर त्यानं स्वतःच्या गळ्यानं म्हणावं."

याहून मोठा निवाडा मला कोणत्या पुस्तकात सापडला नाही. त्या पोराने चौथा चौक स्वतः रचला. त्यात आजचे कंत्राटी कामगार आले, पाठीवर पेटी बांधून दारोदार माल पोचवणारी मुले आली. दादांना ती ठाऊकही नव्हती. गेल्या १ मे रोजी आम्ही आधी दादांची फीत लावली. ती जिथे तुटते तिथे तुटू दिली. क्षणभर सभा शांत राहिली. मग तो उठला, डफ हाती घेतला आणि पुढचे म्हणू लागला. कागदावर आम्ही नोंद केली आहे: तीन चौक आणि अर्धा दादांचा, पुढचा त्याचा, डफ दोघांचा, आणि मागचा आवाज दादांच्या मुलांचा.